लाइपझिगचा बोका, नागपूरचा जून: एका स्थलांतराचं प्रकरण

पश्चिम नागपुरात माझा लहान प्राण्यांचा दवाखाना आहे. परदेशातून कुत्री-मांजरं घेऊन परतणारी घरं आता वर्षाला दोन-तीन तरी येतात. त्यातलं हे एक प्रकरण कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यातल्या चुकांमध्ये माझीही एक आहे आणि लिहिण्याचं मुख्य कारण तीच.

पार्श्वभूमी

नवरा नागपूरचा, बायको अमरावतीची, मुलगी आठ वर्षांची. सहा वर्षं जर्मनीत लाइपझिगला होते. तिथल्या प्राणी निवाऱ्यातून त्यांनी एक बोका घेतला होता. राखाडी-पांढरा, लांब दाट केसांचा, नसबंदी केलेला, वय सात, वजन ६ किलो ४०० ग्रॅम. निवाऱ्यातलं नाव फ्रिट्झ. नागपूरच्या आजींच्या तोंडी ते पहिल्याच व्हिडिओ कॉलमध्ये ‘फ्रीज’ झालं आणि तसंच राहिलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा, म्हणजे हा नवरा, लगेच आला, तो परत गेलाच नाही. जानेवारीच्या सुरुवातीला दोघांनी फोनवर ठरवलं की आता नागपूरलाच यायचं. बायकोची नोकरी मार्चअखेर संपवायची आणि ३० एप्रिलपर्यंत घराच्या किल्ल्या द्यायच्या. तिथे भाडेकरूला तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे ही तारीख पक्की झाली.

थोडक्यात, ज्या मांजरानं उणे तापमानातले हिवाळे काढले ते नागपुरात उतरणार होतं एप्रिलच्या शेवटी. जर्मनीचा हिवाळ्यातला कोट अजून पुरता झडलेला नाही आणि इकडे पारा ४३-४४ वर, असा मुहूर्त.

अडचण कुठे होती

घरच्यांच्या मते अडचण एकच, ऊन. मला त्यांचा पहिला मेल मार्चमध्ये आला, त्यातही प्रश्न एवढाच होता: “४५ डिग्रीत हा जगेल का?”

खरी पहिली अडचण वेगळीच निघाली. फ्रीजला रेबीजची लस कधी दिलेलीच नव्हती. हा हलगर्जीपणा नाही. जर्मनी २००८ पासून जमिनीवरच्या प्राण्यांमधल्या रेबीजपासून मुक्त आहे आणि घराबाहेर न पडणाऱ्या मांजराला तिथे ही लस सक्तीची नाही. भारतात आणायचं तर मात्र लस हवी आणि ती प्रवासाच्या किमान ३० दिवस आधीची हवी. निर्णय जानेवारीत झाला, लस टोचली १८ मार्चला. मधले अडीच महिने सामान, शाळा, बँक आणि आजींचं ऑपरेशन यांत गेले. मांजराचं काय, शेवटी बघू. त्या ‘शेवटी बघू’मुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येण्याचा पर्याय आपोआप बाद झाला.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय, बोका लाइपझिगच्या मैत्रिणीकडे नोव्हेंबरपर्यंत ठेवायचा आणि थंडीत आणायचा. हवामानाच्या दृष्टीनं हाच उत्तम होता. पण पाळीव प्राणी सामानाबरोबर आणण्याची सवलत आपल्याकडे परदेशात किमान दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्याला मिळते. पर्यटक म्हणून येणारी मैत्रीण त्याला आणू शकत नव्हती. बायकोनं पुन्हा जाऊन आणायचा तर तिकिटाचा खर्च आणि आजारी सासूबाई घरात.

दुसरा, पुण्याच्या नणंदेकडे पावसाळा लागेपर्यंत ठेवणं. तिथे आधीच दोन कुत्री. दोन महिन्यांत दोनदा घर बदललेल्या मांजराचं खाणं-पिणं सुटतं. जाड मांजरानं तीन दिवस खाणं सोडलं तर यकृतात चरबी साचण्याचा धोका असतो. मी याला नाही म्हटलं.

तिसरा, तिथेच चांगलं घर बघून देऊन टाकणं. यावर मुलीनं दोन दिवस जेवण सोडलं. विषय मिटला.

चौथा, सगळ्यांनी एप्रिलअखेर एकत्र यायचं. तोच ठरला. मी होकार दिला, कारण नागपूरचा मे महिना कोरडा असतो आणि कोरडा उन्हाळा घरात राहणाऱ्या मांजराला सांभाळता येतो. हे मत अजूनही कायम आहे. पुढे काय ते मी बोलले नाही, त्यावर नंतर येते.

कागद कोणाच्या नावावर

कागदपत्रांसाठी त्यांनी एक एजंट धरला होता. त्यानं प्राणी भारतात आणण्याच्या ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज नवऱ्याच्या नावानं भरून ठेवला, कारण ‘कुटुंबप्रमुख’. पण नवरा डिसेंबरपासून नागपुरातच. मांजराबरोबर प्रवास करणारी आणि कायमची परतणारी व्यक्ती बायको होती. तिनं अर्ज पाठवण्याआधी वाचला म्हणून हे सापडलं. नाहीतर मुंबई विमानतळावर रात्री दीड वाजता पासपोर्टवरचं नाव वेगळं आणि अर्जावरचं वेगळं, अशी पंचाईत झाली असती.

मार्गाचाही मोह होता. आखातातून नागपूरला थेट विमानं येतात, मग मुंबईचा फेरा कशाला? पण परदेशातून येणारा प्राणी केंद्राच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाची सोय असलेल्या दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद अशा विमानतळांवरच उतरवावा लागतो. त्यात नागपूर नाही.

विमानात केबिनमधून न्यायचं तर पिशवीसकट वजनाची मर्यादा ८ किलो होती. बोका ६.४, घरातला प्लॅस्टिकचा पिंजरा १.९. तीनशे ग्रॅमसाठी त्याला माल कक्षात टाकायचं की काय यावर म्हणे घरात मोठी चर्चा झाली. शेवटी ९०० ग्रॅमची कापडी पिशवी आणली. प्रवासाआधी तीन आठवडे ती दिवाणखान्यात उघडी ठेवून त्याचं खाणं आतच दिलं. गुंगीचं औषध नको, हे मी आणि तिथल्या डॉक्टरांनी दोघांनीही सांगितलं होतं. विमानात गुंगीतलं मांजर स्वतःचा श्वास आणि तापमान नीट सांभाळू शकत नाही.

२४ एप्रिलला निघाले, मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरले. तपासणीला दीड तास लागला. दिवस कल्याणच्या मामांकडे पडदे ओढून काढला. संध्याकाळी सातला गाडीनं निघून समृद्धी महामार्गाला लागले. रेल्वेत फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे मिळाला तर मांजर नेता येतं, पण कूपे मिळणार की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. म्हणून सगळं अंतर रस्त्यानं, रात्रीच्या वेळी. पहाटे नागपूरजवळ शिवमडक्याला उतरले तेव्हा बोका मुलीच्या मांडीवर झोपलेला होता. प्रवासाचा भाग इथे संपतो. तो चांगलाच झाला.

पहिले सहा आठवडे

घर जुनं, तळमजल्याचं, कोट्याची फरशी, बाहेर कडुनिंब. पुढच्या खोलीत आजी, वॉकर, डेझर्ट कूलर. एसी फक्त मागच्या खोलीत, कारण “एसीनं हाडं दुखतात माही.” बोक्यानं दोन दिवस पलंगाखाली काढले. तिसऱ्या दिवशी तो आजींच्या खोलीत गेला आणि मग तिथलाच झाला. दिवसभर हलत नाही असं माणूस त्याला घरात एकच सापडलं असावं.

पाचव्या दिवशी फोन आला. तोंडातून लाळ गळते आहे, खात नाही. पाहिलं तर जिभेच्या कडेला लाल चट्टे. घरात सकाळ-संध्याकाळ फिनाईलनं पुसायची पद्धत. मांजर ओल्या फरशीवर गारव्याला झोपणार आणि मग पंजे, पोट चाटणार. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं फोडता येत नाहीत. पॅरासिटामॉलची गोळी त्याला मारक ठरते तीही याच कमतरतेमुळे. फिनाईल बंद केलं, डांबरगोळ्या कपाटातून काढायला लावल्या. कुत्र्यांच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध कुणीतरी आणून ठेवलं होतं, तेही परत पाठवलं. त्यातलं परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराला झटके आणतं. चार दिवसांत बोका बरा झाला.

या लाळेची आठवण घरानं पक्की धरून ठेवली. पुढे तीच आडवी आली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा प्रश्न, “मॅडम, पूर्ण केस काढून टाकू का? मशीन मारतो.” मी नाही म्हटलं. दाट केस थंडी जशी आत येऊ देत नाहीत तशी बाहेरची झळही अडवतात, आणि भादरलेल्या गुलाबी कातडीला ऊन लागतं. रोज दहा मिनिटं कंगवा फिरवून आतली लोकर काढा, एवढंच सांगितलं. पहिल्या आठवड्यात निघालेल्या लोकरीची मुलीनं एक उशी भरली. खोटं नाही, दवाखान्यात आणून दाखवली.

पाण्याचा तिढा सुटला तो मात्र आजींमुळे. बोका वाडग्यातलं पाणी हुंगून सोडून द्यायचा. लघवी घट्ट, पिवळी. मी ओलं खाणं वाढवायला सांगितलं, वाडगी बदलून पाहिली. एके दुपारी आजींनी पाहिलं की तो माठाच्या तिवईखाली बसलाय. माठाची तोटी जुनी, दर सात-आठ सेकंदांनी एक थेंब. खाली पितळी कटोरा. बोका आधी थेंब पडताना बघायचा, मग तो कटोऱ्यात फुटला की तिथेच जीभ लावायची. “वाडगीतलं पाणी जुनं वाटते त्याले,” आजी म्हणाल्या, “हे ताजं पडून राहिलं न.” तोटी दुरुस्त करायचं दोन वर्षांपासून चाललं होतं. ते कायमचं रद्द झालं.

नवतप्याच्या नऊ दिवसांत पारा ४५ च्या वर गेला. बोका दुपारभर कूलरच्या झोताच्या कडेला कोट्यावर अंग पसरून, रात्री फिरायला मोकळा. ताप नाही, धाप नाही. २ जूनला नवऱ्यानं मला मेसेज केला: “जिंकलो!” मीही अंगठा दाखवला. त्या अंगठ्याचं मला आजही वाईट वाटतं.

१३ जूनची दुपार

मृगाच्या दोन सरी येऊन गेल्या होत्या. पारा ३७. पेपरात ‘नागपूरकरांना दिलासा’. आदल्या रात्रीच्या वादळानं कुठेतरी बिघाड झालेला, दुपारी सव्वाला लाइट गेली. कूलर बंद. इन्व्हर्टरवर एक पंखा. डासांमुळे खिडक्या लावलेल्या. सकाळभर चाललेल्या कूलरनं खोली आधीच दमट केलेली.

अडीच वाजता आजींना बोक्याच्या हनुवटीखाली ओलं दिसलं. लाळ. आणि नवीन कामवालीनं सकाळी कसल्यातरी लिंबाच्या वासाच्या द्रवानं पुसलं होतं. “पुन्हा फिनाईल चाटलं यानं!” मग सुनेनं त्याला पकडलं, पंजे धुतले, तो झटापट करायला लागला म्हणून जाड टॉवेलमध्ये गुंडाळला, पुन्हा धुतले. चाळीस मिनिटं. हेतू चांगला, पण गरम मांजराला झटापट करायला लावून पांघरुणात गुंडाळणं, यापेक्षा वाईट काही करता आलं नसतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन.

“तोंड उघडं आहे का?” मी विचारलं.

“हो, कुत्र्यासारखं. धापा टाकून राहिला.”

कुत्रा धापतो तो रोजचं काम म्हणून. मांजर सहसा धापत नाही. तोंड उघडून श्वास घेणारं मांजर म्हणजे थांबायचं नाही. मी सांगितलं, टॉवेल काढा. नळाचं पाणी नको, गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं असेल. माठातलं घ्या, बर्फ घालू नका. पोट, काखा, जांघा, पंजे, कान ओले करा, गाडीचा एसी लावा आणि निघा.

टेबलावर घेतला तेव्हा ताप १०५.६ फॅरनहाइट. मांजराचा नेहमीचा १०१ ते १०२.५. हिरड्या विटेसारख्या लाल. पंखा, पोटावर पाणी, ऑक्सिजन, शिरेतून सलाईन. १०३ वर आल्यावर पाणी लावणं थांबवलं, कारण तिथून तो आपला आपण उतरत राहतो आणि फार खाली गेला की दुसरंच संकट. पंचेचाळीस मिनिटांनी तोंड मिटलं. रात्र दवाखान्यात काढली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारा रक्तातला घटक) थोडं वाढलेलं होतं, चार दिवसांनी उतरलं. हृदयाचा दोष नाही ना हे एक्स-रे आणि सोनोग्राफीनं पाहून घेतलं. नव्हता.

४५ ला तगलेला ३७ ला का पडला

मांजराला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग ते चाटून ओलं करतं आणि ती लाळ वाळताना अंग गार होतं. म्हणजे मांजर स्वतःच एक छोटा कूलर आहे, आणि हवेत आणखी वाफ मावायला जागा असेल तोवरच दोन्ही कूलर चालतात. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली तर चांगली ताटी लावलेला कूलर २८-३० ची हवा देतो. ३७ अंश आणि ६० टक्क्यांवर तोच कूलर ३१-३२ ची, पण पाण्यानं गच्च भरलेली हवा देतो. अशा हवेत चाटलेलं वाळत नाही. खिडक्या बंद असल्या तर अजून वाईट. नागपूरकर माणसाला हे माहीत असतं, जूनमध्ये कूलर ‘चिपचिप’ करतो म्हणून आपण तो बंद करतो. मांजर करू शकत नाही, आणि आजींना एसी नको होता.

त्यानंतर काय बदललं

मुलीनं ऑनलाइन एक आर्द्रता मोजायचं घड्याळासारखं यंत्र मागवलं, चारेकशे रुपयांचं. ते आजींच्या खोलीत तोटीच्या माठावर लावलं. नियम एक ओळीचा: काटा ६० च्या वर गेला की कूलर बंद, एसी २८ वर आणि पंखा. त्यासाठी एसी मागच्या खोलीतून पुढे आणला. आजी सुरुवातीला रुसल्या, मग शाल घेऊन बसायला लागल्या. एसी पेलणारा मोठा इन्व्हर्टर महाग पडत होता, म्हणून लाइट गेली तर बोक्याला घेऊन गाडीत बसायचं असं ठरलं. तसं जुलैत दोनदा बसले. पोटाचे आणि जांघांचे केस मशीननं आखूड केले, पाठीला हात लावला नाही. बोक्याचं वजन ६ किलो १०० वर आलंय.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चूक सर्वांत आधी. मी ‘उन्हाळा’ सांगितला, ‘पावसाळ्याच्या तोंडावरचा उकाडा’ सांगितला नाही. माझ्याकडे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लांब केसांची मांजरं दरवर्षी येतात, हे मला माहीत होतं. पण समोरच्यांनी प्रश्न ४५ चा विचारला आणि मी ४५ चंच उत्तर दिलं. पोटाचे केस जूनच्या पहिल्या आठवड्यातच काढायला सांगायला हवे होते. केसांना मशीन लावू नका, असं सरसकट सांगून मी तो मार्गही बंद करून ठेवला.

फिनाईलच्या वेळी लाळेचं कारण सांगितलं, पण लाळेची इतर कारणं सांगितली नाहीत. लाळ आणि उघडं तोंड यांतला फरक तेव्हा दोन मिनिटांत समजावता आला असता, तर ती चाळीस मिनिटं वाचली असती. त्या घरानं काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. त्यांनी मागच्या वेळी शिकवलेलंच केलं.

लसीच्या बाबतीत मात्र घराचा हिशेब चुकला आणि त्याची किंमत अजून चुकती व्हायची आहे. युरोपात परत न्यायचं झालं तर भारतातून येणाऱ्या मांजराला रेबीजच्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) रक्तचाचणी लागते. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, पातळी मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त, आणि त्यानंतर तीन महिने थांबणं. हीच चाचणी युरोप सोडण्याआधी पूर्ण होऊन मांजराच्या युरोपीय पासपोर्टावर नोंदली असेल तर परतताना तीन महिन्यांची वाट पाहावी लागत नाही. १८ मार्चच्या लसीमुळे रक्त १७ एप्रिलनंतरच देता आलं असतं, आणि निघण्याआधी सात दिवसांत निकाल हाती येण्याची खात्री नव्हती. म्हणून चाचणी केलीच नाही. जानेवारीत लस झाली असती तर हे सगळं फेब्रुवारीअखेर उरकलं असतं. ऑगस्टमध्ये सुनेला जुन्या कंपनीकडून विचारणा झाली तेव्हा तिनं मला पहिला प्रश्न हाच विचारला, “आज रक्त दिलं तर कधी?” मी कॅलेंडर काढून दाखवलं. तिनं अजून काही ठरवलेलं नाही. लसीचा बूस्टर मुदतीच्या आत घ्यायचा, एवढं आम्ही पक्कं केलं. मुदत एक दिवसही उलटली तर लस पहिल्यापासून धरली जाते.

यंदाच्या जूनमध्ये, मृग लागून चारच दिवस झाले होते, दवाखान्याच्या फोनवर आजी होत्या. सुनेला न सांगता लावलेला फोन.

“मॅडम, काटा बासष्टवर गेला. एसी लावून राहिली मी. फ्रीजचं पोट भादरायले कवा आणू?”

मी म्हटलं, उद्या दहाला.

“आणते. पण दार उघडं ठेवजा, मागच्या वेळी तुमच्या दवाखान्यात लई गार होतं.”